थोरल्याच्या फोनवरचा आकडा

घरात तिला सगळे धाकटी म्हणत. पन्नाशीला टेकली, केस पिकले, चष्म्याचा नंबर दोनदा बदलला, तरी धाकटीच. थोरला तिच्याहून चारच वर्षांनी मोठा, पण आईच्या लेखी तो जन्मला तोच घरचा कर्ता होऊन, आणि ही जन्मली ती त्याला पाणी नेऊन द्यायला. धाकटीचं लग्न दोनदा ठरलं, दोनदा मोडलं. दोन्ही वेळा आई म्हणाली, "मला वाटलंच होतं." लेकीच्या बाबतीत आईला सगळं आधीच वाटलेलं असे, आणि ते कधी चांगलं नसे.

धाकटी अकरा वर्षं एका मोठ्या कंपनीत फोनवर बसून लोकांच्या तक्रारी ऐकत होती. इंटरनेटवर लोकांच्या दुकानांची, दवाखान्यांची पानं असतात; फोटो, पत्ता, उघडायची वेळ, सगळं त्यावर. पण पान काही हवेत लटकत नाही. त्याला राहायला जागा लागते, आणि ती जागा म्हणजे कुठल्यातरी लांबच्या शहरातल्या गार खोलीत कायम चालू असलेलं मशीन. मशीन रुसलं की पान दिसत नाही, आणि पान दिसलं नाही की दुकानदार फोनवर ओरडतो. ते ओरडणं धाकटीच्या कानात पडे. नियम असा, की एका माणसाला चार मिनिटं. चार मिनिटांत "तुमची तक्रार नोंदवली आहे" म्हणायचं आणि पुढचा फोन घ्यायचा. एकदा रोपं विकणाऱ्या एका म्हाताऱ्याला तिनं एकोणीस मिनिटं दिली आणि त्याचं पान चालू करून दिलं. साहेबानं तिला सगळ्यांदेखत उभं करून विचारलं, "तो तुमचा कोण लागतो?"

"कोणी नाही."

"कोणी नाही तर एकोणीस मिनिटं. लागत असता तर त्याच्याकडे राहायलाच गेला असतात का?"

सगळे हसले. धाकटीही हसली, कारण अशा जागी न हसणारं माणूस जास्त दिसतं. पण घरी जाताना तिला एक गोष्ट कळली. लोकांना स्वस्त नको होतं, मोठं नको होतं. त्यांना फोन उचलणारं माणूस हवं होतं.

तिनं नोकरी सोडली आणि चष्म्याच्या दुकानावरची एक खोली घेतली. एक मोठं मशीन भाड्यानं घेतलं. मशीन राहिलं तिथंच, लांबच्या गार खोलीत. हिच्या हातात फक्त त्याची किल्ली. मोठं घर भाड्यानं घेऊन खोलीखोलीत पोटभाडेकरू ठेवावेत, तसा तिनं त्या मशीनवर एकेक कोपरा एकेका गिऱ्हाइकाला दिला. पहिलं गिऱ्हाईक तिचाच दातांचा डॉक्टर. तिची दाढ कोरता कोरता तो सांगत होता, की माझं पान तीन दिवस बंद आहे आणि कोणी फोन उचलत नाही. धाकटी आ वासून बसलेली, तोंडात नळी. नळी निघाल्या निघाल्या ती म्हणाली, "मी उचलीन." त्याला वाटलं, गुंगी उतरली नाही. पण सोमवारी त्याचं पान चालू झालं, आणि दुसऱ्याच महिन्यात त्याच्या ओळखीनं शिंपी आला, मग मोटार शिकवणारे, मग रोपांचा तो म्हातारासुद्धा.

चूक झाली ती त्या सोमवारच्या घाईतच. मशीनवाल्यांच्या अर्जात मालकाचा फोन नंबर लागत होता. धाकटीकडे होता तो जुन्या कंपनीनं दिलेला, नोकरी सुटताना फोनासकट परत गेलेला. स्वतःचा नवा नंबर चालू व्हायला चार दिवस होते आणि डॉक्टरला सोमवारच हवा होता. तिनं थोरल्याचा नंबर लिहिला. तात्पुरता. आता तात्पुरता ठोकलेला खिळा भिंत पडेपर्यंत राहतो, हे तिला कोणी सांगायला हवं होतं असं नाही. त्यात या धंद्याची एक रीत आहे: जे नीट चाललंय त्याला बोट लावायचं नाही. हजारदा ओरडा खाऊन शिकलेली ही रीत धाकटीनं मशीनला लावली, तशी त्या नंबरालाही लावली.

मशीनवाले काही महत्त्वाचं करायचं असलं की मालकाच्या फोनवर सहा आकडे धाडत. ते दहा मिनिटांत इकडे भरले तर दार उघडे, नाहीतर आकडा शिळा. मग धाकटी भावाला फोन लावी.

"दादा, आकडा आलाय का?"

"कोण बोलतंय?"

"मी."

"मी म्हणजे कोण? आमच्याकडे मी नावाचं कोणी राहत नाही."

मागून वहिनीचा आवाज येई. "शेठाणीबाई असतील. साऱ्या गावाची दुकानं त्यांच्याकडे, आणि कुलूप उघडायला आपला नवरा!"

"दादा, दहाच मिनिटं असतात रे."

"बरं बरं, लिही. चार. नऊ. सात..."

"सातनंतर?"

"सातनंतर आठ. शाळेत काय शिकलीस?"

असं हसून-खिदळून व्हायचं. कधी तो आंघोळीला गेलेला असे, कधी मुद्दाम फोन खिशात ठेवून जेवायला बसे. धाकटीनं पुष्कळदा म्हटलं, दादा, तो नंबर बदलून घेऊ. तो म्हणे, "असू दे की. माझं नाव लागलं तर झिजतंय का तुझं मशीन?" आणि चारचौघांत सांगे, "बहिणीला धंदा लावून दिला मी. माझ्याच नावावर आहे सगळं." आई मान डोलवी. "त्याच्याशिवाय कोण आहे हिला?" ती म्हणे, आणि हे तिला वाटलेलं मात्र खरंच होतं.

अशी नऊ वर्षं गेली. धाकटीकडे एकशे तेरा गिऱ्हाइकं झाली. तिसऱ्या घंटीच्या आत फोन उचलायचा, हा तिचा नेम. शिंपी म्हणे, "बाई, माझी बायको एवढ्या लवकर ओ देत नाही."

मग मशीनवाल्यांचं पत्र आलं. जुनी मशीनं पुढच्या महिन्याच्या चौदा तारखेला, बुधवारी रात्री, बंद होणार. त्याआधी मालकानं स्वतःच्या नावावरच्या नंबरानं ओळख पटवली तर सगळी पानं नव्या मशीनवर जातील. नाही पटवली तर पुसली जातील. मशीन धाकटीच्या नावावर, नंबर थोरल्याच्या. म्हणजे आता नंबर बदलल्यावाचून गत्यंतर नव्हतं. आणि नंबर बदलायचा तर आधी जुन्या नंबरावर आकडा येणार, तो भरला की सात दिवस वाट बघायची, आणि त्या सात दिवसांत जुन्या नंबरवाल्यानं "मला मान्य नाही" असं बोटानं दाबलं की सगळं रद्द. चोरांपासून राखण म्हणून केलेली सोय ही. घरच्यांपासून राखण कशी करायची, ते त्यात लिहिलं नव्हतं.

धाकटीनं मशीनवाल्यांना फोन करून अडचण सांगितली. पलीकडच्या मुलीनं बरोबर चार मिनिटं ऐकलं. "तुमची तक्रार नोंदवली आहे," म्हणाली. धाकटीला तिचा राग नाही आला. तिला त्या मुलीची खुर्चीसुद्धा डोळ्यांसमोर दिसली.

त्याच सुमारास आई बाथरूममध्ये पडली होती. खुब्याचं हाड मोडलं ते धड जुळलं नाही आणि ती अंथरुणाला खिळली. थोरल्याच्या घरी दोन महिने झाले होते. वहिनी येणाऱ्या-जाणाऱ्याला आपले हात दाखवी, धुणं धुऊन कसे झालेत बघा म्हणून.

थोरल्यानं तीन आठवडे "बघू" म्हटलं. सहा तारखेला, मंगळवारी, धाकटी त्याच्या घरी जाऊन उंबऱ्यातच बसली. आज आकडा मिळाला नाही तर सात दिवस भरणारच नव्हते.

"आकडा पाहिजे ना?" थोरला म्हणाला. "मग आईला घेऊन जा."

"आईला? माझी एकच खोली आहे दादा. वर जिना."

"खोली आहे ना? मग झालं."

"आम्ही केलं हो दोन महिने," वहिनी म्हणाली. "आम्ही तर परक्या घरच्या. तुम्ही पोटच्या. तुमचेही हात जरा भिजू देत."

आतल्या खोलीचं दार उघडंच होतं. आईची खाट तिथून चार पावलांवर. सगळे एकदम गप्प झाले, तशी आतून आई म्हणाली, "मोठ्यानं बोला. अर्धवट ऐकू आलं की जास्त लागतं."

थोरल्यानं उठून दार लोटलं. पण आवाज खाली आणला नाही.

"सात दिवस हा संदेश माझ्याकडे राहणार," तो फोन दाखवत म्हणाला. "खाली लिहिलंय बघ, मान्य नसेल तर इथे दाबा. रोज अकराला मी फोनवर आईला बघणार. तिच्या तोंडून एक तक्रार आली, तर दाबणार. तिला दवाखान्यात न्यायची वेळ आणलीस, तरी दाबणार. मला कळल्याशिवाय राहायचं नाही, तिच्या दवाखान्याच्या कागदावर नंबर माझाच आहे."

"तिथेही तुझाच," धाकटी म्हणाली.

"कुणाचा असणार मग?"

अडला हरी गाढवाचे पाय धरी. धाकटीनं हो म्हटलं. थोरल्यानं आकडा सांगितला, या वेळी एकदाही न अडखळता. चार वाजता तो भरला गेला. पुढच्या मंगळवारी चारला सात दिवस भरणार होते, आणि बुधवारी मशीन बंद.

आई निघताना म्हणाली, "त्याच्या मनात नाही हो हे. ती वदवतेय त्याच्याकडून." मग लेकीकडे बघून, "आणि तू विकत घेतेयस."

कपाटं हलवणारे दोन हमाल बोलावले होते. खुर्चीत बसवून त्यांनी आईला चष्म्याच्या दुकानाच्या बाजूचा जिना चढवला. वळणावर खुर्ची अडकली. एक हमाल म्हणाला, "कपाट असतं तर आडवं केलं असतं."

"करा," आई म्हणाली. "तेवढंच राहिलंय."

खोलीत एक खाट, एक टेबल, टेबलावर संगणकाचे दोन पडदे, आणि खिडकीतून समोरच्या इमारतीची पाणी गळून काळी पडलेली भिंत. खाट आईला दिली. धाकटी खाली जमिनीवर. पहिला दिवस आई मुकी राहिली. दुसऱ्या दिवशी अकराला थोरल्याचा फोन आला. धाकटीनं फोन आईसमोर धरला, आणि धरताना तिचा हात कापला. आईनं तो कापणारा हात बघितला. ती अंथरुणाला खिळली होती, अक्कल नव्हती खिळली.

"बरी आहे रे बाळा," ती फोनवर म्हणाली. "तू जेवलास का?"

फोन ठेवल्यावर तिनं पाणी मागितलं.

"कोमट आहे."

"आत्ताच गरम केलंय आई."

"कोमट आहे. उद्या अकराला त्याला विचारू का, कोमट कशाला म्हणतात ते?"

धाकटीनं पुन्हा गरम केलं. तिथून आईला सूर सापडला. जन्मभर हुकूम सोसलेल्या बाईच्या हाती म्हातारपणी लगाम आला, आणि तोही असा, की नुसता हलवला तरी घोडं थांबतं. खाट खिडकीकडे कर. आता भिंतीकडे. ती भिंत मेली बघवत नाही, पुन्हा इकडे कर. त्या डब्यांचा उजेड डोळ्यांत येतो, बंद कर. धाकटी पडद्यावर टॉवेल टाकून टॉवेलाखाली डोकं घालून काम करी. गिऱ्हाइकाचा फोन आला की आई मुद्दाम मोठ्यानं विचारी, "कोण मेलंय?" मोटार शिकवणाऱ्या गृहस्थानं एकदा घाबरून विचारलं, "बाई, मी नंतर करू का? तुमच्याकडे काही झालंय का?"

शुक्रवारी आईनं छाती धरली. डोळे फिरवले. धाकटी पांढरीफटक पडली, पाण्याचं भांडं लवंडलं, आणि ती फोनकडे धावली. कुणाला करणार? हातात फोन घेऊन ती नुसती उभी राहिली.

आईनं एक डोळा उघडला. "गेली कळ. तुझं तोंड बघूनच गेली. आता ती उशी दे पाठीला."

शनिवारी तिनं तेच पुन्हा केलं. या खेपेला धाकटी जागची हलली नाही. आई म्हणाली, "शिकलीस."

रविवारी मात्र दोघी बऱ्या वागल्या. धाकटीनं आईचे केस धुतले, विंचरले. आई पडद्याकडे बघत होती.

"ही सगळी लोकं तुला ओळखतात?"

"आवाजानं ओळखतात."

"भेटलीयत का कोणी?"

"दातांचा डॉक्टर. बाकीचे नाही फारसे."

"आणि हे गेलं तर?"

"गेलं तर काही नाही. पुन्हा कुणाच्यातरी कंपनीत चार-चार मिनिटं. या वयात घेतलं तर."

आईनं पडद्यावरून नजर काढली. मग म्हणाली, "त्याच्याकडे राहा म्हणेल तो. त्याचा स्वभाव वाईट नाही."

"आई, त्यानं तुला आकड्यावर दिली गं."

"तूही आकड्यावरच घेतलीस," आई म्हणाली. "त्याला नाव ठेवू नकोस माझ्यापुढे."

धाकटीनं फणी खाली ठेवली. वेणी अर्धीच राहिली.

सोमवारी आई थोडी कमी बोलली. धाकटीला बरंच वाटलं.

मंगळवारी सकाळी आईचा श्वास लागत होता. ओठांवर निळसर झाक, कपाळ ओलं, पाण्याची तक्रार नाही. धाकटीनं आपल्या हातानं पाणी पाजलं. ते अर्धं बाहेर आलं आणि ते कोमट आहे असं आई म्हणाली नाही. दोन खेळ आणि तिसरं खरं यांतला फरक धाकटीला कळला नाही, असं नाही. अकरा वर्षं नुसत्या आवाजावरून माणूस ओळखायचं काम केलेली बाई ती. तिला पहिल्या मिनिटाला कळलं.

अकराला फोन आला. तिनं आईला कुशीवर वळवलं होतं, तोंड भिंतीकडे. केस नीट विंचरून पाठीवर घेतले होते. ते फोनमध्ये दाखवले.

"झोपलीय," ती हळू म्हणाली.

"या वेळेला? उठव."

"काल फार बोलत बसली होती. तुझ्याचबद्दल. आता जरा डोळा लागलाय."

आपल्याबद्दल म्हटल्यावर थोरल्याला बरं वाटलं. "केस छान विंचरलेस," तो म्हणाला. मागून वहिनी म्हणाली, "बघा, लेकीकडे कशा निवांत झोपतात. आमच्याकडे म्हणे झोप येत नव्हती."

फोन बंद झाला. बारा वाजले. आई म्हणाली, "त्याला बोलाव."

"चारनंतर बोलावते."

"आत्ता."

"चारनंतर, आई. आता चारच तास."

आईनं तिच्याकडे बघितलं. तिला दिवस कळत नव्हता, पण हिशोब कळला. ती म्हणाली, "मी खोटं नाही करत आज."

"मला माहितेय," धाकटी म्हणाली.

हे एक तिनं म्हणायला नको होतं. खोटं बोलली असती, तुझं नाटक मला कळतं म्हणाली असती, तरी आईला भांडायला काही उरलं असतं. आईनं नुसती मान वळवली.

दीड वाजता ती पुन्हा थोरल्याला हाक मारायला लागली. फोनवर नाही, खोलीतच, तो शाळेतून यायच्या वेळी मारायची तशी. धाकटीनं खिडकी लावून घेतली. खाली चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाईक होतं. मग ती येऊन टेबलाशी बसली आणि खुर्ची पडद्याकडे फिरवली. शिंप्याचा फोन आला. त्याला पानावर नवा फोटो लावायचा होता, लग्नाच्या कोटाचा. तिनं दुसऱ्या घंटीला उचलला. फोटो थोडा तिरका होता. तिनं तो सरळ केला, कडा कापल्या, लावला. शिंपी म्हणाला, "मागं कोण हाक मारतंय?"

"शेजारी आहेत," धाकटी म्हणाली.

तीनला दहा कमी असताना पाठीमागचा आवाज थांबला. थांबला ते तिला कळलं. ती वळली नाही. तिनं सगळ्या एकशे तेरा पानांवर एकेक करून फेरी मारली. सकाळी उठल्यावर मारायची तशी. दातांचा डॉक्टर, चालू. शिंपी, चालू. रोपांचा म्हातारा मागच्या वर्षी वारला, त्याची सून चालवते, चालू. गायन शिकवणाऱ्या बाई, चालू. एकशे तेरा झाली तरी चार वाजायला बावीस मिनिटं होती. तिनं पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

चारला पडद्यावर ओळ आली: नंबर बदलण्यात आला आहे. आता आकडा तिच्या स्वतःच्या फोनवर आला. सहा आकडे, सलग, कुणाला न विचारता. तिनं ते भरले.

मग ती वळली.

थोरल्याला फोन केला तेव्हा चार वाजून सहा मिनिटं झाली होती. रडू खोटं नव्हतं. तो, वहिनी आणि मावशी साडेचारपर्यंत येऊन पोचले. वाटेत त्यांनी कोपऱ्यावरच्या डॉक्टरला घेतलं.

"कधी झालं?" डॉक्टरनं विचारलं.

"चारला. आत्ताच," धाकटी म्हणाली.

डॉक्टरनं आईचा हात उचलून बघितला, बोटं, जबडा. "दीड तास तरी होऊन गेला असावा," तो कागदावर लिहिता लिहिता म्हणाला. त्याला कुणाच्या चारशी काही देणंघेणं नव्हतं.

थोरल्यानं खिशातून फोन काढला. त्याच्याकडेही चारला संदेश आलेला होता, यापुढे या नंबराचा संबंध राहिला नाही म्हणून. तो त्यानं वाचला. मग बहिणीकडे बघितलं. धाकटीनंही बघितलं. नऊ वर्षांत त्या दोघांनी एकमेकांकडे इतकं नीट पाहिलं नव्हतं.

"तू..." थोरला म्हणाला.

वहिनीनं त्याचं कोपर धरलं. तशी ती हुशार. धाकटीनं काय केलं हे विचारायचं, तर सासूबाई इथं कशा आल्या हेही मावशी विचारणार, आणि मग दार लोटून ठरवलेलं सगळं चव्हाट्यावर येणार. आपलेच दात, आपलेच ओठ. थोरल्यानं उघडलेलं तोंड तसंच ठेवून रडायला सुरुवात केली, आणि चांगलं रडला. आईसाठी रडला की हरल्याबद्दल, ते त्याचं त्याला ठाऊक.

मावशी धाकटीच्या पाठीवरून हात फिरवत होती. "शेवटी लेकच उपयोगी पडली गं. केस बघ कसे विंचरलेत. नशीबवान माझी बहीण."

"हो," थोरला म्हणाला. "तिनंच नेलं हट्टानं. मी नको म्हणत होतो."

दोघांनी मिळून आईची चादर सरळ केली.

बुधवारी सकाळी दहाला आईला न्यायचं होतं. आठला धाकटी पडद्यासमोर बसली. सगळी पानं नव्या मशीनवर धाडायची, तर आधी मालकाची ओळख. तिनं चेहरा दाखवला. रडून सुजलेला, तरी मशीननं ओळखला. नाव जुळलं, नंबर जुळला. मग एक नवी चौकट आली. तिला ती अपेक्षित नव्हती. तुमचा फोन हरवला तर आम्ही कुणाला विचारू? विश्वासातल्या एका व्यक्तीचा नंबर द्या. रिकामी सोडता येणार नाही.

धाकटी त्या चौकटीकडे बघत राहिली. पहिल्यांदा बोटांनी आपोआप थोरल्याचाच नंबर अर्धा लिहिला; नऊ वर्षांची सवय. तिनं तो पुसला. दातांचा डॉक्टर? त्याला ती दाढेवरून ओळखत होती. शिंपी? त्यानं काल हाका ऐकल्या होत्या. मावशीचा नंबर तिला पाठ होता. मावशीचा हात काल पाठीवरून फिरला ती जागा अजून जळजळत होती. तिनं आणखी आठवून बघितलं. एकशे तेरा माणसं तिला आवाजानं ओळखत होती, आणि त्यांतल्या एकाचा आकडा लिहायला तिचं बोट धजेना. ज्याला आपला नंबर दिला, त्याच्या हाती काय दिलं, हे आता तिच्याइतकं कुणाला कळत होतं?

ती खाली उतरली. चष्म्याच्या दुकानाशेजारी फोनचं दुकान नुकतंच उघडत होतं. तिनं एक नवा नंबर घेतला, तासाभरात चालू होणारा. आताशा चार दिवस लागत नाहीत. खणातून जुना फोन काढून त्यात घातला आणि तो नंबर चौकटीत भरला. नाव विचारलं तिथं स्वतःचंच आडनाव आणि कुठलंतरी एक नाव लिहिलं. नातं विचारलं. तिनं "बहीण" लिहिलं.

साडेनऊला खालून हाका यायला लागल्या, माणसं जमली होती, तिच्यासाठी थांबली होती. तेवढ्यात जुना फोन वाजला. तिनं तिसऱ्या घंटीच्या आत उचलला. पलीकडे माणूस नव्हतंच, भरून ठेवलेला आवाज होता. त्यानं धाकटीचं पूर्ण नाव घेतलं आणि विचारलं, या व्यक्तीला तुम्ही ओळखता का? तिच्यावर तुमचा विश्वास असेल तर एक दाबा. नसेल तर दोन दाबा.

खालून थोरला ओरडला, "धाकटे, उशीर होतोय!"

"आले," ती म्हणाली, आणि तिनं एक दाबला.